सहाशे चौदा वेळा हेलेनिस्टिक

माझ्या मुलीच्या प्रबंधात 'हेलेनिस्टिक' हा शब्द सहाशे चौदा वेळा आला आहे आणि सहाशे चौदाही वेळा तो बिनचूक आहे. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी तो मोजला आहे. त्या शब्दाचा अर्थ मात्र मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हता. हे काही छातीठोकपणे सांगण्यासारखं नाही, पण आमच्या सोसायटीच्या तिन्ही इमारतींना ते कळून चुकलं असल्यामुळे आता लपवण्यातही हशील नाही.

माझा धंदाच तसा आहे. औषधाच्या खोक्यात बाटलीभोवती घडी घालून खुपसलेला एक कागद असतो. तुम्ही तो उघडता, मुंगीएवढी अक्षरं बघून कपाळाला आठ्या घालता, आणि पुन्हा घडी घालायला जाता तेव्हा ती काही केल्या जमत नाही. तो कागद छापण्याआधी तपासणारा माणूस म्हणजे मी. एकतीस वर्षं झाली. औषध कंपनीकडून मंजूर प्रत येते, आमच्या छापखान्यातून नमुना येतो, आणि दोन्हींत स्वल्पविरामाचासुद्धा फरक नाही अशी सही मी ठोकतो. तपासायची एक पद्धत आहे. पुठ्ठ्याच्या पट्टीला एका ओळीएवढी खाच पाडायची, ती कागदावर ठेवायची, आणि शेवटच्या शब्दापासून उलट पहिल्या शब्दाकडे यायचं. सरळ वाचलं की अर्थ लागतो, अर्थ लागला की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते. नव्याने कामाला लागलेल्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, अर्थ हे आपल्या खात्याचं काम नाही. या पद्धतीमुळे माझ्या हातून आजवर एक टिंब सुटलेलं नाही. घरात कुणाला खोकला झाला की औषध कुठलं आणायचं हे मात्र मी शेजारच्या काकूंना विचारतो.

तर मुलगी. आम्ही तिला ठकी म्हणतो. सहा वर्षांपूर्वी ती शिकायला परदेशी गेली आणि तिथेच रमली, असं आम्ही लोकांना सांगतो. रविवारी सकाळी नऊला तिचा फोन येतो. मागे तिने तिचा प्रबंध छान बांधून टपालाने पाठवला, तोही माझ्या नावावर. तिच्या आईच्या नाही, माझ्या. आत चिठ्ठी होती: "बाबा, वाचा आणि सांगा कसा झालाय." तीनशे बारा पानं. शाळा संपल्यापासून ठकीने मला तिचं काही वाचायला दिलं नव्हतं. ती चिठ्ठी मी तीन दिवस शर्टाच्या खिशात घेऊन हिंडलो, आणि ऑफिसातून खास या कामासाठी नवी पट्टी कापून आणली.

अठरा संध्याकाळी मी तो प्रबंध वाचला. पान तीनशे बारापासून पान एकपर्यंत. सत्तेचाळीस चुका निघाल्या. त्यांचा तक्ता केला, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने आखले, आणि कुठल्याही औषधासाठी जे कधी केलं नव्हतं ते केलं, म्हणजे तक्ता दुसऱ्यांदा तपासून तिला पाठवला. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "थँक्यू बाबा. बऱ्याच निघाल्या." मग हवा कशी आहे ते तिने विचारलं, मी सांगितलं. तिच्याकडची हवा मी विचारली, तिने सांगितली. त्यानंतरचा फोन चार मिनिटं चालला. त्याच्या पुढचा तीन.

तो तीन मिनिटांचा फोन ठेवल्यावर ही भांडी पुसता पुसता म्हणाली, "तिने विचारलं होतं कसा झालाय. तुम्ही सांगितलंत सत्तेचाळीस."

"मग चुका सांगायला नकोत?"

"कशावर आहे हो तो प्रबंध?"

"हेलेनिस्टिक."

"म्हणजे काय?"

मी चष्मा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता. हिने माझ्याकडे पाहिलं, आणि तीस वर्षांच्या संसारात बायको नवऱ्याकडे जसं एकदोनदाच पाहते तसं पाहिलं. म्हणाली, "पोरीने सहा वर्षं तिकडे एकटीने काढली त्या एका गोष्टीवर. आणि तुम्हाला ठाऊक नाही ती कुठली."

"विचारतो की रविवारी तिला."

"काय विचारणार? तीनशे बारा पानं वाचली, आता कशावर आहे ते सांग?"

हा मुद्दा बिनतोड होता. मी मनाशी ठरवलं, रविवारी नऊ वाजेपर्यंत या शब्दाचा अर्थ शोधायचा आणि ठकीशी तिच्या विषयावर बोलायचं. हवेवर नाही. एक शब्द, आणि हाताशी पुरते सात दिवस. यापेक्षा सोपं काम मी आयुष्यात अंगावर घेतलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, फोनमध्ये बघायचं. बघितलं. फोनने चार ओळींत अर्थ दिला आणि त्या चार ओळींत मला न कळणारे नऊ शब्द होते. त्या नवांचे अर्थ काढले तर एकवीस झाले. मी फोन खिशात टाकला आणि खाली उतरलो, तर लिफ्टच्या दारात सोसायटीचे सेक्रेटरी. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून कुणाचा प्रश्न सोडवायला मिळतो का याच्या शोधात लिफ्टपाशी उभे असतात. माझ्या तोंडून शब्द गेला. ते म्हणाले, "एवढंच ना? माझ्यावर सोडा." मी सोडलं. इथेच चुकलं.

दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन झळकलं: "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, बी-विंग तिसरा मजला येथील आपले ज्येष्ठ सभासद हेलेनिस्टिकबाबत माहितीच्या शोधात आहेत. कोणास अनुभव असल्यास तातडीने संपर्क साधावा." मजकुरात चूक एकही नव्हती, ते मला मान्य करावंच लागेल. पण मी औषधांतला माणूस आहे हे सगळ्यांना माहीत. त्यात 'अनुभव'. त्यात 'तातडीने'.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या काकू सूपचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "घाबरायचं नाही. माझ्या जाऊबाईंना होतं. पथ्य पाळलं, आता टणटणीत आहेत."

"अहो काकू, तो आजार नाही."

"त्याही असंच म्हणायच्या," काकू म्हणाल्या आणि हिच्या खांद्यावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेल्या.

मग रोज संध्याकाळी मैदानाला चकरा मारणारे एक गृहस्थ, ज्यांनी आजवर माझ्याशी मान हलवण्यापलीकडे संबंध ठेवला नव्हता, त्यांनी जिन्यात अडवून हळूच विचारलं, "कितवी स्टेज?" मी चिडून म्हटलं, "अहो, ग्रीक आहे ते." त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे बाहेरून आलंय," ते म्हणाले. संध्याकाळी लिफ्टमध्ये पाटी लागली: आजारी सभासदांस प्राधान्य. मी आत शिरलो की बाकीचे बाहेर पडायला लागले. मी जिन्याने जायला लागलो तर सेक्रेटरींनी वरून ओरडून विचारलं की डॉक्टरांनी परवानगी दिली का. ग्रुपवर खुलासा टाकावा म्हटलं, तर त्यावर एकतीस जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि एकाने लिहिलं, "मनाची ही उभारीच तुम्हाला तारून नेईल."

बुधवारी मी हा नाद सोडून सरळ मोठ्या ग्रंथालयाची वाट धरली. संदर्भ विभागाच्या खिडकीतल्या ग्रंथपाल बाईंनी मला एक फॉर्म दिला. त्यात 'संशोधनाचा विषय' असा रकाना होता.

"मला एका शब्दाचा अर्थ बघायचाय फक्त," मी म्हटलं.

"अर्थ बाहेरच्या हॉलमध्ये. तिथे शब्दकोश आहेत. इथे संशोधन."

बाहेरच्या हॉलमधल्या शब्दकोशांत 'ह' असलेला शेवटचा खंड बांधणीला गेला होता. तो कधी येईल असं विचारल्यावर तिथल्या शिपायाने छताकडे पाहिलं. मी पुन्हा खिडकीशी आलो आणि रकान्यात 'हेलेनिस्टिक' लिहिलं. बाई म्हणाल्या, संशोधक असाल तर संस्थेच्या प्रमुखांचं पत्र आणा. माझी संस्था म्हणजे छापखाना, प्रमुख म्हणजे साहेब, आणि साहेबांचे मेव्हणे आमच्या सी-विंगमध्ये राहतात. मी गुरुवारी केबिनमध्ये शिरलो तेव्हा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. एकतीस वर्षांत ते माझ्यासाठी उठले नव्हते. मी विषय काढताच त्यांनी हात वर केला. "काही सांगू नका. मला सगळं कळलंय. जे लागेल ते मिळेल." आणि त्यांनी पत्र दिलं, की आमच्या या जुन्या, प्रामाणिक कर्मचाऱ्याची प्रकृती ध्यानात घेऊन त्यांस सर्व प्रकारे सहकार्य करावे. त्या पत्रात 'प्रामाणिक'चा णि दीर्घ पडला होता, पण मी पहिल्यांदाच आयुष्यात काही बोललो नाही.

ग्रंथपाल बाईंनी पत्र दोनदा वाचलं, मला पंख्याखालची खुर्ची दिली आणि पाण्याचा ग्लास ठेवला. मग एक जाडजूड संदर्भग्रंथ आला. त्यातला हेलेनिस्टिकवरचा लेख नऊ पानांचा होता. मी खिशातून पट्टी काढली, ग्रंथावर ठेवली आणि कामाला लागलो. पाच वाजता बाई जवळ आल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सापडलं का काही?"

"दोन," मी म्हटलं. "एक सहाव्या पानावर, आणि एका सनावळीत आकड्याची उलटापालट आहे."

त्या बघतच राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. नऊ पानं मी शेवटाकडून वाचून काढली होती आणि त्यात काय लिहिलंय ते मला सांगता आलं नसतं. मी पट्टी बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. तिसऱ्या वाक्याला डोळे आपोआप मागे वळले. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. ग्रंथालय बंद व्हायची घंटा झाली.

बाहेरच्या पायऱ्यांवर मी बराच वेळ बसून राहिलो. खरं सांगतो, मला भीती वाटली. ठकी चार वर्षांची असताना गोष्टीचं पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर येऊन बसायची. मी वाचायचो. ती विचारायची, पुढे काय झालं? आणि मी म्हणायचो, थांब, इथे एक मात्रा गळलीय. पेन घेऊन मी ती घालायचो. थोड्या दिवसांनी ती पुस्तक घेऊन आईकडे जायला लागली. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, कारण घरी आणलेलं काम पुरं व्हायचं. आता ते आठवलं आणि वाटलं, ती चार वर्षांची ठकी एकदा, फक्त एकदा पुन्हा मांडीवर येऊन बसावी आणि मी तिला पुढे काय झालं ते सांगावं.

शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. मी सूप समजून दार उघडलं, तर इतिहासाच्या बाई. आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात, वय ऐंशीच्या पुढे, ठकीला शाळेत शिकवलेल्या. काठी टेकत आत आल्या, खुर्चीत बसल्या, आणि मग हसायला लागल्या. आठवडाभरात मला बघून हसणारं पहिलं माणूस.

"तुम्हाला हेलेनिस्टिक झालंय म्हणे," त्या म्हणाल्या.

मी त्यांना सगळं सांगितलं. तक्ता, सत्तेचाळीस, तीन मिनिटांचा फोन, ग्रंथालय. बाईंनी हसणं थांबवलं.

"सोपं आहे हो," त्या म्हणाल्या. "ग्रीक लोक आधी आपापल्या छोट्या गावांत राहत होते. मग त्यांचा तो अलेक्झांडर निघाला आणि पार कुठल्या कुठे गेला. तो तरुणपणीच वारला. पण त्याच्या मागे जी माणसं त्या लांबलांबच्या मुलखांत राहिली, ती काही परतली नाहीत. तिथेच गावं वसवली, तिथल्या मुली केल्या, तिथलं खाणंपिणं उचललं, आणि तरी बोलायची ग्रीक, नाटकं करायची ग्रीक, घरं बांधायची ग्रीक. तिथले लोकही मग थोडे ग्रीक झाले. पुढची तीनशेएक वर्षं हे चाललं. या सगळ्याला म्हणायचं हेलेनिस्टिक. ग्रीक नव्हे, ग्रीक वळणाचं."

"म्हणजे भेसळ?"

"बरेच दिवस पंडित लोक असंच म्हणायचे. खरं ग्रीक ते आधीचं, पुढचं सगळं पाणी घातलेलं. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन पंडिताने म्हटलं, नाही, हा एक वेगळा काळ आहे, याला स्वतःचं नाव पाहिजे. त्या बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं आपण हेलेनिस्टिक आहोत म्हणून. त्यांना वाटत होतं आपण घरच्यासारखं वागतोय." बाईंनी हात पुढे केला. "आणा ती पट्टी."

मी दिली. त्यांनी ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"आता प्रबंध आणा. पहिल्या पानापासून. मोठ्याने. चूक दिसली तरी थांबायचं नाही."

पहिलं पान मी कसं वाचलं ते मला विचारू नका. सत्तेचाळीसपैकी पहिल्या तीन चुका तिथेच होत्या. प्रत्येक चुकीपाशी आवाज अडायचा आणि बाई काठी आपटायच्या. चौथ्या पानापाशी आवाज सरळ झाला. बाराव्या पानापाशी बाई केव्हा उठून गेल्या ते मला कळलं नाही. ही जेवायला बोलवायला आली, मी ताट तिथेच मागवलं. ऊन खिडकीतून भिंतीवर गेलं, भिंतीवरून गेलं, आणि हिने दिवा लावला तेव्हा मी शेवटच्या पानावर होतो. अर्ध्याहून जास्त मला कळलं नाही. पण कशावर आहे ते कळलं.

तो प्रबंध मातीच्या सुरयांच्या कानांवर होता. सुरई धरायचा कान असतो ना, तो. दूरच्या कुठल्याशा वसाहतीत कुंभार होते. त्यांच्या मूळ गावी सुरईला बारीक, उंच, देखणा कान करायची रीत. या नव्या मुलखातली माती निराळी, भुसभुशीत. तिच्यात तसा कान टिकत नाही, भट्टीत तडकतो. तिथल्या उकिरड्यांत तडकलेल्या कानांचे ढीग सापडलेत. कान जाड केला, आखूड केला की काम भागत होतं, शेजारचे स्थानिक कुंभार तसाच करत होते. पण हे लोक तोच बारीक कान करत राहिले. दोन पिढ्या गेल्यावर तो हळूहळू जाड व्हायला लागला. ठकीने असे बाराशे तुकडे हातात घेऊन मोजले होते. एकटीने. मी सहाशे चौदा मोजले त्याचं मला काय कौतुक वाटलं होतं.

रविवारी नऊला मी एका कार्डावर मुद्दे लिहून फोनपाशी बसलो. पहिला मुद्दा अलेक्झांडर. दुसरा, पाणी घातलेलं नव्हे. तिसरा, जर्मन पंडित. फोन वाजला.

"बाबा, बरे आहात ना?" तिचा आवाज घाबरा होता. "सेक्रेटरी काकांचा मेसेज आला. धीर धर म्हणाले. काय झालंय तुम्हाला?"

हा माणूस समुद्रापलीकडेही पोचला होता. मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. मी तुझा प्रबंध वाचला."

"हो, तक्ता मिळाला की."

"तो उलटा वाचला होता. काल सरळ वाचला."

मी कार्ड बघितलं. घाम येऊन अलेक्झांडर पुसट झाला होता. मी कार्ड बाजूला ठेवलं आणि जे रात्रभर डोक्यात होतं ते विचारलं.

"तो पहिला कुंभार, जो गाव सोडून आला. त्याला कळत असेल ना कान तडकणार म्हणून?"

"कळत असणार," ठकी म्हणाली. "पहिल्या महिन्यातच कळलं असणार."

"मग जाड का नाही केला?"

"परीक्षकांनी मला दोन तास प्रश्न विचारले बाबा. हा नाही विचारला."

"तू लिहिलंही नाहीस कुठे. मी बघत होतो."

"पुरावा नाही ना. जे मातीत सापडत नाही ते लिहिता येत नाही."

"लिहायचं सोड. मला सांग."

"त्याला घरची आठवण येत होती," ठकी म्हणाली. "त्याच्या मुलाला नसेल येत, त्याने ते गाव पाहिलंच नव्हतं, त्याने बापाचं बघून केलं. नातवाने सोडून दिलं. पण पहिल्याला यायची. रोज यायची. चाकावर बसला की हात आपोआप तसेच वळायचे, आणि तडकला तरी त्याला दुसरा करवत नव्हता."

मी एकतीस वर्षं मंजूर प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय कशावर सही केलेली नाही. सवयीने विचारलं, "पण पुरावा नाही, तर तुला कसं कळलं?"

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.

"मी पण पहिलीच ना, बाबा," ती म्हणाली.

ही हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. खुणेने विचारत होती, काय झालं. मी तिला हातानेच थांब म्हटलं. सहा वर्षं आम्ही लोकांना सांगत होतो की ती तिकडे रमली, आणि आम्ही स्वतःही ते लोकांइतकंच खरं मानलं होतं. फोन कानाला होता, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि मला तिची इतकी आठवण आली की मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"ठके," मी म्हटलं, "तो कान तडकतो तेव्हा नेमकं काय होतं गं? मला पहिल्यापासून सांग."

आणि ती सांगायला लागली.